दोनशे माणसांची फेरी काढू नका : नाशिकच्या मंडळांना, वाचनालयांना आणि महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
गणेशोत्सव मंडळे, सार्वजनिक वाचनालये, महाविद्यालयांचे इतिहास विभाग, ज्येष्ठ नागरिक संघ आणि हेरिटेज वॉक काढू पाहणारे सगळे गट, नाशिक

स.न.वि.वि.

2027 चा सिंहस्थ जवळ येतो आहे तसे गावात हेरिटेज वॉकचे पेव फुटले आहे. बॅनर, टोप्या, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन, पुढे ढोल, मागे नाश्त्याची गाडी आणि मध्ये दोनशे माणसे. हेतूबद्दल शंका नाही. पण तांबट लेनमध्ये दोनशे माणसे उभी राहिली की पहिल्या वीस जणांना ऐकू येते, बाकीचे एकमेकांच्या पाठी बघतात, दुचाकीवाले हॉर्न वाजवतात आणि पुढच्या वेळी त्या गल्लीतला कुणीही तुम्हाला दार उघडत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: वर्षातून एकदा दोनशे माणसे नेण्याऐवजी महिन्यातून एकदा अठरा न्या. वाट तीच ठेवा, पावसाळा सोडून वर्षभर ठेवा. आणि थांब्यावर जे काही सांगाल ते कशावरून सांगता, हे त्याच दमात सांगा. शिलालेखात आहे, कागदात आहे, बखरीत आहे, लोक म्हणतात किंवा आमचा अंदाज आहे, यांपैकी नेमके काय, एवढा एक शब्द जोडला तरी फेरीचा दर्जा बदलतो.

अठराच का? जुन्या नाशकातल्या गल्लीत एका बाजूला दोन ओळींत अठरा माणसे उभी राहतात आणि दुसऱ्या बाजूने स्कूटर जाते. माइकशिवाय आवाज पोचतो. माइक घेतलात की पोलीस ठाण्याची परवानगी आली, दुकानदारांची नाराजी आली आणि वाट दाखवणारा नकळत भाषण करू लागला. अठरा जणांमागे दोन कार्यकर्ते हवेत. एक पुढे बोलणारा, दुसरा शेपटाला. शेपटाचे काम दुय्यम समजू नका. नावांची यादी, प्रथमोपचाराची पेटी, पाण्याच्या दोन जादा बाटल्या त्याच्याकडे असतात आणि प्रत्येक थांबा सोडताना तो डोकी मोजतो. भद्रकालीत माणूस चुकला तर फोनवर खुणा सांगून त्याला परत आणण्यात पंधरा मिनिटे सहज जातात.

वेळेचा हिशेब आधी कागदावर करा. आठ थांबे, दर थांब्याला सात मिनिटे, म्हणजे 56 मिनिटे. गटाची चाल ताशी तीन किलोमीटरपेक्षा जास्त नसते, म्हणून अडीच किलोमीटरला 50 मिनिटे. उरलेली चौदा मिनिटे चपला, उशिरा येणारे आणि अनपेक्षित गप्पा खातात. झाले दोन तास. नववा थांबा घातला की शेवटचा थांबा उरकला जातो, आणि नेमका तोच बहुतेक वेळा सगळ्यांत महत्त्वाचा असतो. सकाळी पावणेसातला निघा. बाजाराची शटर वर जायला साडेदहा-अकरा होतात, तोवर दर्शनी भिंती, सज्जे, खांबांवरचे कोरीव हस्त (आधाराची लाकडे) मोकळे दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ, पण थंडी कडक असते तेव्हा ज्येष्ठांना स्वेटर-मफलरची आठवण आदल्या दिवशीच्या निरोपात द्या. 18 एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो म्हणून त्या दिवशी नऊ वाजता फेरी सुरू करणाऱ्यांनी एकदा त्या उन्हात काळ्या दगडाच्या घाटावर उभे राहून बघावे. दिनविशेषच गाठायचा असेल तर 19 ते 25 नोव्हेंबरचा वारसा सप्ताह कितीतरी सोयीचा.

वार निवडताना बुधवार टाळा, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, आठवडे बाजार भरतो. श्रावणी सोमवारी कपालेश्वराकडे फिरकू नका. एकादशी, अमावास्येला रामकुंड सोडून वाट आखा.

पहिल्या फेरीसाठी आम्ही सुचवतो ती वाट अशी: रविवार कारंजा, सुंदरनारायण, होळकर पूल ओलांडून रामकुंड, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती, कपालेश्वर, काळाराम, परत उताराने नारोशंकर, गाडगे महाराज पुलावरून पलीकडे सरकारवाडा. मंदिरे पाच, पण आत जायचे एकाच. प्रत्येक देवळात चपला काढणे, दर्शन, प्रसाद, पुन्हा चपला शोधणे यात दहा मिनिटे जातात. पाचही देवळांत गेलात तर फेरीचा जवळजवळ निम्मा वेळ चपलांचा. उरलेली चार देवळे बाहेरूनच नीट दाखवा. शिखर, मंडप, दगडाचे सांधे, दुरुस्तीच्या खुणा यांसाठी बाहेरची जागाच बरी.

सुंदरनारायणापाशी 1756 हे वर्ष आणि गंगाधर यशवंत चंद्रचूड हे नाव सांगा. 21 मार्चच्या सुमारास सूर्यकिरण मूर्तीवर येतात ही गोष्ट लोकांना फार आवडते. ती सांगायची असेल तर ठरवून मार्चमध्येच फेरी घ्या आणि गटाला स्वतः पाहू द्या. डिसेंबरात नुसते सांगून काय मिळते?

रामकुंडावर आवाज खाली. तिथे कुणाच्या तरी घरचे अस्थिविसर्जन चालू असते. कॅमेरे पिशवीत, गट पायऱ्यांच्या कडेला, आणि बोलायचे ते तीर्थोपाध्यायांच्या वह्यांबद्दल. गावोगावच्या घराण्यांच्या नोंदी या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरवल्या जातात. कोण कधी आले, कुणाच्या दशक्रियेला, सोबत कोण, मूळ गाव कोणते. इतिहास विभागांना आमचे सांगणे आहे की विद्यार्थ्याला स्वतःच्या घराण्याची नोंद शोधायला लावा. आडनाव आणि मूळ गाव माहीत असले की उपाध्ये सांगता येतात. वही दाखवली तर आपल्याच घराण्याचे पान पाहावे, दुसऱ्याच्या पानाचा फोटो काढू नये, आणि दक्षिणा द्यावी. शहरातली ही मोठी जिवंत दप्तरे आहेत आणि ती लोकांच्या घरात आहेत.

दुतोंड्या मारुती आणि नारोशंकराची घंटा हे दोन थांबे एकत्रच समजावून द्यावेत, कारण दोन्ही पुराची मापे आहेत. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, यावरून नाशिककर आजही पुराचा अंदाज बांधतात. त्याहून वर पाणी चढले की नारोशंकराच्या घंटेकडे डोळे लागतात. देऊळ 1747 चे, नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेले, मूळ नाव रामेश्वर. घंटेवर 1721 हे वर्ष आहे. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती 1739 मध्ये, आणि घंटा त्या विजयातून आली असे सांगतात. बघा, या तीन वाक्यांत पुराव्याचे तीन प्रकार आले. घंटेवरचा आकडा धातूत आहे, वसईचे वर्ष कागदात आहे, आणि घंटा तिथूनच आली ही परंपरा आहे. गटाला हे तिन्ही वेगळे करून दाखवा. लोकांचा रस कमी होत नाही, उलट प्रश्न सुरू होतात.

याच जागी एक काम हाती घेता येईल. 1969, 2008, 2016 आणि 2019 च्या पुरांचे पाणी कुठवर आले होते, हे घाटालगतच्या आणि सराफ बाजारातल्या जुन्या दुकानदारांना तोंडपाठ असते. काहींनी भिंतीवर खूण ठेवलेली असते. पाच मीटरची टेप घ्या आणि खुणेची उंची मोजा, पण रस्त्यापासून मोजू नका. डांबर आणि काँक्रीटचे थर चढत जाऊन रस्ता दर काही वर्षांनी वर येतो, त्यामुळे रस्त्यापासून घेतलेले माप पाच वर्षांनी निरुपयोगी होते. इमारतीच्या जोत्यापासून मोजा, जोते हलत नाही. जोत्याची रस्त्यापासूनची आजची उंची वेगळी लिहा, सोबत तारीख घाला. जुन्या वाड्यांच्या दारातल्या किती पायऱ्या रस्त्याने गिळल्या, हेही त्यातून कळते. दहीपुलाखालून सरस्वती नाला वाहतो. मोठ्या पावसात सराफ बाजारात पाणी शिरते त्यात नदीच्या फुगवट्याइतकाच या नाल्याचा हात असतो. नाल्याच्या वाटेने पुराच्या वीस खुणा मोजल्यात तर एखाद्या मंडळाच्या हातून शहराला खरोखर उपयोगी असा नकाशा तयार होईल.

काळारामाला बोलायचे ते दरवाजाबाहेर. आत गेल्यावर गट दर्शनाला पांगतो आणि पुन्हा जमत नाही. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या पाषाणात हे देऊळ बांधले. वर्ष विचाराल तर 1782 पासून 1794 पर्यंत निरनिराळे आकडे छापलेले सापडतात. बांधकाम वर्षानुवर्षे चालले असले की कुणी आरंभाचे वर्ष देतो, कुणी पूर्ण झाल्याचे. एक आकडा ठोकून सांगण्यापेक्षा हे सांगणे बरे. मग 2 मार्च 1930. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो स्थानिक पातळीवर चालवला, चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले आणि दरवाजे बंद ठेवले गेले. त्याच वर्षीच्या रथोत्सवात रथ ओढण्यावरून संघर्ष पेटला. लढा काही वर्षे चालला, आणि 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. काही फेऱ्यांत ओढेकर येतात आणि 1930 गळते, काहींत नेमके उलटे. दोन्ही याच दगडाचा इतिहास आहे. सात मिनिटांत दोन्ही बसतात, आम्ही घड्याळ लावून सांगतो.

शेवटचा थांबा सरकारवाडा. पेशवाईतला हा वाडा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. आत जाता येईल का आणि किती वाजता, हे आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन विचारा. फोनवर मिळालेल्या उत्तरावर अठरा माणसे नेऊ नका.

पांडवलेण्यांची फेरी वेगळी ठेवा, ती जुन्या नाशकाला जोडू नका. सुमारे 200 पायऱ्या आहेत. पहिला गट वर पोचून दम खात असतो तेव्हा शेवटचा निम्म्यावर असतो, म्हणून मध्ये एक ठरलेला विसावा हवा. लेणी 24. सगळी दाखवण्याचा हट्ट धरलात तर एकही दिसणार नाही. चार पुरेत: 3, 10, 18 आणि 19. अठरावे चैत्यगृह (स्तूप असलेले प्रार्थनागृह), एकोणिसावे सातवाहन राजा कृष्णाच्या काळचे, म्हणून सगळ्यांत जुन्यांपैकी. या दोघांना मिळून दहा मिनिटे द्या आणि उरलेला सगळा वेळ दहाव्या आणि तिसऱ्या लेण्यासाठी ठेवा.

दहावे लेणे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे. त्यातला एक लेख बँकेच्या पासबुकासारखा वाचता येतो. उषवदाताने 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले. 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज वापरायचे. आता गटाला हिशेब करू द्या. 2000 चे वर्षाचे व्याज 240. लेखात पुढे आहेच: वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. वीस गुणिले बारा, 240. शाळकरी पोरे हा हिशेब जुळला की ओरडतात. गोवर्धन हे गाव गंगापूरच्या बाजूला आजही त्याच नावाने आहे, हे त्यानंतर सांगा, आधी नाही.

तिथून तिसऱ्या लेण्यात या. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा मोठा लेख इथे आहे, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. आपल्या मुलाने खखरात वंश निःशेष केला असे ती म्हणते. खखरात, म्हणजे क्षहरात, म्हणजे आत्ता ज्याच्या जावयाचा हिशेब केला तो नहपान. आई मुलाबद्दल असे म्हणणारच, असे कुणीतरी गटातून हमखास म्हणते. त्या क्षणी जोगलटेंभी काढा. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या या गावी तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. शिलालेखाला नाण्याने दिलेली ही साक्ष. याच लेण्यात गौतमीपुत्राचा अठराव्या वर्षाचा हुकूमही आहे: उषवदाताकडे असलेले 200 निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत त्रिरश्मीच्या, म्हणजे याच डोंगरावरच्या, भिक्षूंना द्यावे. आणि चोविसाव्या वर्षीचा दुसरा हुकूम: ते शेत कसले जात नाही, गाव वसलेले नाही, म्हणून राजाच्या मालकीच्या जमिनीतून 100 निवर्तने द्यावीत. सरकारी कामात फेरफार करावा लागतो तो दोन हजार वर्षांपूर्वीही लागत होता. पांडवांची गोष्ट सांगायची असेल तर सांगा, पण लोक म्हणतात या सदरात. लेखांमध्ये डोंगराचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी असे आहे.

अक्षरे दिसत नाहीत म्हणून कुणी खडू फासतो, कुणी पाणी मारतो, कुणी कागद लावून पेन्सिल घासतो. यांपैकी काहीही करू देऊ नका. संरक्षित स्मारकात ते गुन्ह्यापर्यंत जाते आणि दगडाची झीज होते ती वेगळीच. साधी टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा. तिरप्या उजेडात ब्राह्मीची खोदीव अक्षरे सावली टाकतात आणि उठून दिसतात. सोबत त्या दोन ओळींची छापील प्रत प्रत्येकाच्या हातात द्या, ब्राह्मी वर, देवनागरी खाली, अर्थ त्याखाली. लेखांचे पाठ फ्रेंच अभ्यासक सेनारने एपिग्राफिया इंडिका या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात छापलेले आहेत, त्यावरून घ्या. मोबाइलवर फिरणाऱ्या भाषांतरांत राजेच बदललेले असतात. डोंगरावर मोहोळ दिसले तर अत्तर, धूर, आरडाओरडा आणि फ्लॅश बंद.

आता वाडे. प्रत्येक मंडळाला वाडा दाखवायचा असतो आणि सगळ्यांत जास्त घोळ तिथेच होतो. धोकादायक इमारतींना पावसाळ्यापूर्वी नोटिसा लागतात. अशा वाड्यात गट नेणे म्हणजे जबाबदारी आपल्या अंगावर घेणे. चांगल्या वाड्यातही माडीवर एका वेळी सहापेक्षा जास्त माणसे नकोत. कडीपाटाखाली, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या छताखाली, उभे राहून कड्यांची टोके बघा. भिंतीत शिरतात तिथे लाकूड काळवंडले, भुसा पडत असेल तर माडी विसरा. ओल तुळईला आधी तिथेच खाते आणि वरून रंग दिलेला असला की काही कळत नाही.

दुसरा घोळ माणसांचा. बऱ्याच वाड्यांत मालक, भाडेकरू, भाऊबंद यांची प्रकरणे कोर्टात असतात. तुम्ही हौसेने काढलेला फोटो उद्या पुरावा म्हणून कुणीतरी हजर करील ही भीती त्यांना असते आणि ती खोटी नसते. म्हणून मालक आणि राहणारे या दोघांचीही संमती आधी घ्या. फोटो दगड-लाकडाचा, माणसांचा आणि सामानाचा नाही. बाहेरून वाडा वाचायला शिकवा: जोत्याचा दगड, दर्शनी खण (दोन खांबांमधली जागा) किती, खांबाचे हस्त कोरीव की साधे, मोठ्या दारातली दिंडी म्हणजे लहान दार, गणेशपट्टी, सज्जा. खण मोजले की घराचा आवाका कळतो. विद्यार्थ्यांना एका गल्लीतले दहा दर्शनी भाग रेखाटायला लावा, फोटोपेक्षा जास्त दिसते.

जुन्या गढीवर, नदीकाठच्या मातीच्या उंचवट्यावर, गट चढवू नका. 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी तिथे उत्खनन केले, ताम्रपाषाण काळापासूनचे थर त्यातून उलगडले. मातीचा तो कडा पावसात ढासळतो आणि काठावर लोकांची घरे आहेत. खालून, अंतर ठेवून दाखवा, आणि लोकांच्या घरांकडे बोट करून बोलू नका.

वाद होणारे थांबे टाळावेत असे आम्हाला वाटत नाही. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला ठाण्यात फाशी झाली. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासकही होते. हे सगळे सांगा, विशेषणे गाळा, घोषणा नको, आणि चर्चा फेरी संपल्यावर चहाच्या वेळी. रस्त्यात वाद रंगला की बघे जमतात आणि गट तुमच्या हातून सुटतो. दर्गा, मशीद, विहार, मंदिर, कुठेही जाताना तिथल्या विश्वस्तांना चार दिवस आधी भेटा आणि त्यांच्यातल्याच कुणाला तरी बोलू द्या. बडी दर्गा आणि दूध बाजार नसलेली जुन्या नाशकाची फेरी अर्धी आहे. रंगपंचमीच्या रहाडींबद्दलही, म्हणजे रंग खेळायच्या जुन्या हौदांबद्दलही, तेच: तिवंधा, शनि चौक, दिल्ली दरवाजा येथील रहाडी उघडण्याचा मान आणि विधी सांभाळणारी माणसे तिथेच आहेत, त्यांच्याकडून ऐकवा. रहाड एरवी बंद असते, रस्त्याखाली. कोरड्या दिवशी त्या फरसबंदीवर उभे राहून खाली काय आहे ते सांगण्यात वेगळीच गंमत आहे.

वाचनालयांकडे आमची निराळी मागणी आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचे आहे; कागद सांभाळणे हे काम वाचनालयांइतके मंडळांना जमणार नाही. फेरीला जोडून तीन महिन्यांतून एकदा कागदपत्रांचा दिवस भरवा. लोकांनी घरचे जुने फोटो, मोडी कागद, लग्नपत्रिका, दुकानाच्या चोपड्या, भाडेपावत्या आणायच्या, तिथल्या तिथे स्कॅन करून मूळ वस्तू परत न्यायच्या. मूळ कागद कधीही ठेवून घेऊ नका. एकदा हरवला की पुढची दहा वर्षे त्या आळीतून काही मिळत नाही. फोटो 600 डीपीआय, कागद 300 डीपीआय, साठवण टिफमध्ये, वाटपासाठी जेपीजी. टाचण्या ओढून काढू नका, चिकटपट्टी लावू नका. कागद स्वच्छ कोरड्या हातांनी हाताळावा. हातमोज्यांनी कडा फाटतात. मोजे निगेटिव्ह आणि फोटोंसाठी ठेवा. फोटोमागे नोंद करायची तर मऊ पेन्सिलने, कडेला. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर. प्रत्येक वस्तूसोबत चार ओळींचा मराठी संमतीपत्राचा कागद: फक्त जतन, वाचनालयात पाहण्यासाठी, की सर्वांसाठी खुले. खूण देणाऱ्याने स्वतः करायची.

ज्येष्ठांच्या मुलाखतीही त्याच दिवशी उरकण्याचा मोह होतो, तो आवरा. मुलाखत घरी, पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, दोन यंत्रांवर ध्वनिमुद्रण, पाऊण तासात थांबायचे. पूर्वी काय होते असे विचारलेत की सुवर्णकाळाची गोष्ट ऐकायला मिळते. नळ कधी आला, त्याआधी पाणी कुठून भरत होता, भाडे किती, घागर कोणत्या दुकानातून, पूर आला तेव्हा सामान कुठे हलवले, असे विचारा. उत्तराला ठिकाण चिकटते आणि पुढच्या फेरीचा थांबा तयार होतो.

पैसे: फेरी फुकट ठेवली की नाव नोंदवून न येणारे फार. शंभर रुपये घ्या, त्या आळीत राहणाऱ्यांना मोफत. त्यातून बोलणाऱ्याला मानधन, नकाशाच्या झेरॉक्स, आणि तांबटाने ठोक्याचे काम करून दाखवले तर त्याच्या वेळेचे पैसे. गिऱ्हाईक आले की गटाने बाजूला व्हायचे, हे आधी सांगून ठेवा. स्वच्छतागृह कुठे आणि ते त्या वेळी उघडे असते का, हे आदल्या दिवशी पाहा. ते नसल्यामुळे किती बायका पुन्हा येत नाहीत, याचा विचार फारसा कुणी करत नाही. भद्रकाली आणि पंचवटी पोलीस ठाण्यांत दोन दिवस आधी साधे माहितीपत्र द्या. वारसावास्तूवर क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवू नका, गोंद दगडातून निघत नाही. कोड नकाशाच्या कागदावर छापा.

जून ते सप्टेंबर घाटावरची फेरी बंद. गंगापूर धरणातून विसर्ग सोडल्याची बातमी आली की त्या दिवशीचा जुन्या नाशकातला कार्यक्रमही सराफ बाजार सोडून. आणि सिंहस्थाच्या वर्षी नदीकाठ मुळातच सोडून द्या. त्या गर्दीत अठराचा गट टिकणार नाही आणि यात्रेकरूंच्या वाटेत उभे राहण्याचे आपल्याला कारण नाही. ते वर्ष पांडवलेणी, आनंदवल्ली, गोवर्धन, अंजनेरीचे नाणे संग्रहालय, भगूर, देवळाली यांना द्या. या वाटा आत्ताच चालून, मोजून, थांबे ठरवून ठेवल्यात तर 2027 मध्ये ऐन वेळी धावपळ होणार नाही. प्रत्येक वाटेचा एक कागद करा: थांबा, मिनिटे, काय सांगायचे, कशावरून, कुणाला आधी भेटायचे. कागद एकमेकांना द्या. ज्याला त्यात चूक सापडेल त्याने समासात पेन्सिलने लिहावे आणि आधार सोबत जोडावा.

कळावे,
जुन्या नाशकात फेऱ्या घेणारे आम्ही काही जण